तळीची मोकळी कड

कुरुळी, ६ नोव्हेंबर २०२५

रोहिदास,

सभेत मी "कामगार बंधूंनो" म्हणून सुरुवात करतो. या कागदासमोर बंधू एकच आहे आणि तो सख्खा आहे. म्हणून आधी आपल्या दोघांची सामाईक तक्रार मांडतो. तानुबाईच्या पोटी जन्मलेल्या आपल्याला लहानपणी तव्यावरची पहिली भाकरी कधीही मिळाली नाही. पहिली देवाला, दुसरी गाईला, तिसरी दारातल्या कुत्र्याला, कारण कुत्रं खंडोबाचं. आपण ताटल्या मांडीवर घेऊन चुलीकडं बघत बसायचो. तू दर वेळी विचारायचास, "आये, देवाला भूक लागती व्हय?" आणि ती न वळता म्हणायची, "त्याला न्हाई लागत. तुमाला थांबाया यावं म्हनून त्याला वाढते."

थांबायला आपल्यापैकी कुणीच शिकलं नाही, हे आपण दोघांनी नंतर व्यवस्थित सिद्ध केलं.

फोन करत नाही. "दादा, तू फोनवर बोलत नाहीस, सभा घेतोस," असं तू शेवटच्या फोनवर म्हणाला होतास. मान्य. कागदाचं बरं असतं, ऐकणाऱ्याला मध्येच उठून जाता येतं आणि राग निवला की परत येता येतं.

तू आईची चिता शांत व्हायच्या आत विमान गाठायला निघून गेलास. होसूरला ऑडिट आहे, असं तुझ्या वहिनीला सांगितलंस. मला काहीच बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. तेव्हा पुढचं कळवतो. दहावा मोशीच्या घाटावर केला. मी विधी मानत नाही हे सगळ्या कुरुळीला माहीत आहे, तरी पिंड ठेवून उभा राहिलो, कारण आई मानत होती. आणि काय सांगू, मी मागे सरकायच्या आत कावळा! लोक हात जोडून म्हणाले, म्हातारीची काही इच्छा राहिली नव्हती, सुखानं गेली. मला हसू आलं. आयुष्यभर रोज सकाळी जिनं कावळ्यांना घास टाकला, तिच्या पिंडाला ते कशाला वाट बघायला लावतील?

शेजारची केसरबाई मात्र पदर तोंडाला लावून पुटपुटली, "इच्छा न्हवती आसं कोन म्हनतं? तिचं जे काय हुतं ते देवाकडं हुतं. कावळ्याला कशापायी सांगंल ती?" मी विचारलं, "म्हणजे काय, काकू?" तर म्हणाली, "काय न्हाई," आणि भांडी घासायला लागली.

आता कामाचं. देव्हारा. खंडोबाचा टाक, म्हाळसेचा, बाणाईचा, आणि तो झिजून नाकडोळे गेलेला, ज्याला ती नुसतं "थोरला" म्हणायची. तुझ्या घरी पूजा होते, माझ्या घरी पुस्तकं आहेत. देव तू घेऊन जा. पेटीत कापूस घालून तयार ठेवतो.

चिमाजी

*

कुरुळी, ११ नोव्हेंबर

रोहिदास,

पत्राला उत्तर म्हणून तुझा मोबाइलवर निरोप आला, दोन ओळी. "देव थोरल्याच्याच घरी राहतात. नको असतील तर इंद्रायणीत सोड."

हे वाक्य लिहिणारा माणूस शिफ्ट सुपरवायझरच शोभतो. माल लाइनवर बसत नसेल तर स्क्रॅपला टाका. आईचे देव स्क्रॅप नाहीत, रोहिदास. मी त्यांना मानत नाही, पण ज्या हातांनी ते रोज घासले त्या हातांना मानतो. आबा गेल्यावर तेच हात चाकणच्या मार्केटात कांदा निवडत होते, आणि त्या कांद्यावर आपण दोघं शिकलो. आधार कार्डाच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नव्हता, आठवतं? मशीनवाला पोरगा म्हणाला, "आजी, रेघाच नाहीत." ती म्हणाली, "आरं, हळद लागलीय, पूस की जरा." अंगठ्याच्या रेघा कांद्यानं नेल्या होत्या, आणि तिला वाटत होतं की भंडारा आड येतोय.

पेटी उघडून देव परत मांडले. रोज मीच पाणी घालतो. पहिल्या दिवशी म्हाळसा आणि बाणाईची जागा चुकली, तेव्हा केसरबाई खिडकीतून म्हणाली, "बायका बदलल्या की रं देवाच्या! आज रातच्याला भांडणं हायेत त्यांच्यात." माझी हर्षाली हसून लोळली. आई गेल्यापासून या घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

देव नदीत सोड असं तू लिहिलंस, आणि मला आपल्या दोघांनाही न सोडता आलेली ती बस आठवली. आपण दोघं अकरा वर्षं त्या बसबद्दल गप्प आहोत. आज मी बोलतो.

संपाचा दुसरा महिना होता. गेटसमोर आमचा मांडव, आणि रोज सकाळी पडदे ओढलेली कंपनीची बस तुम्हाला आत घेऊन जायची. सूनबाईचे दिवस भरत आले होते. तू म्हणालास, "दादा, मला संप परवडत नाही." मी म्हणालो, "कुणालाच परवडत नाही, म्हणूनच तो सगळ्यांनी करायचा असतो." आजही तेच म्हणतो. त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. तूही तुझं घेऊ नकोस. आपण दोघं एकाच बाईच्या हट्टावर वाढलोय.

त्या दिवशी चंपाषष्ठी होती, आपली वांगेसट. मी माइकवर होतो. लांबून आई येताना दिसली. नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात पितळेची वाटी. बस वळणावर आली आणि ही थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ब्रेक करकचून लागला. मी माइकवर गरजलो, "बघा साथींनो, बघा! सत्तरी ओलांडलेली माउली बस अडवते आहे! ही चळवळीची आई आहे!" मांडव उठून उभा राहिला. तानुबाई झिंदाबादच्या घोषणा सुरू झाल्या. पोलीस काठ्या सावरायला लागले.

आणि चळवळीची आई ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, "बाबा, दार उघड. माजं धाकलं आत हाय. सणाचं तसंच निघून आलंय, कपाळ मोकळं हाय त्याचं."

तो ड्रायव्हर, कोंडाजी, त्यानं दार उघडलं. ती वर चढली. आत काय झालं ते तुला माहीत, मी पाहिलेलं नाही. मला फक्त पडद्याआडून एकेका सीटपाशी थांबत गेलेली तिची सावली दिसली. ती एकट्या तुझ्यापाशी थांबली नाही. सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावून, शेवटी कोंडाजीला लावून उतरली. बस गेटच्या आत गेली.

मांडवातून आपला यशवंत, पेंट शॉपचा, भडकून पुढं आला. "आजी, गद्दारांनाबी भंडारा?"

"भंडारा काय माज्या बापाचा हाय का रं? देवाचा हाय. मी कोन वाटनी करनार?" आणि वाटी पुढं करून म्हणाली, "तू कपाळ हिकडं कर आदी. लई तापलंय."

यशवंतनं मान खाली घातली आणि कपाळ पुढं केलं. मग सगळ्यांनी. मी माइक हातात धरून उभा होतो. मी जगभरच्या संपांचे इतिहास वाचलेत, त्या भाषणांतले उतारे मला पाठ आहेत. त्या सकाळी त्यातला एकही काढला नाही. मी माइक बंद केला.

देव इंद्रायणीत सोडणार नाही. एवढंच कळवायचं होतं.

चिमाजी

*

कुरुळी, १५ नोव्हेंबर

रोहिदास,

हे पत्र बसून वाच. शक्य असेल तर सूनबाईला शेजारी बसव.

परवा हर्षाली म्हणाली, "पप्पा, वांगेसट आली. आजीची तळी करायची ना?" मी म्हटलं, घरात दुःख आहे, यंदा सण नाही. केसरबाईनं भिंतीपलीकडूनच निकाल दिला, "सण करू नगा, पुरणाचं घालू नगा. पर तळी म्हंजे सण न्हाई, कुळाचं देणं हाय त्ये. त्ये चुकवायचं न्हाई." म्हणून काल मोशीच्या बाजारातून येताना भरताची वांगी बघून ठेवावीत म्हणून दोन घेऊन आलो, मोठी, जांभळी. केसरबाई ओट्यावर बसली होती. माझ्या हातातली वांगी बघितली आणि ती रडायलाच लागली. दहाव्यालाही ती इतकी रडली नव्हती.

मग तिनं सांगितलं.

त्या वांगेसटीच्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखी तळी मांडली. ताटात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबरं, भंडारा. रोडगे आणि वांग्याचं भरीत झाकून ठेवलेलं. ताट उचलायला पाच पुरुष लागतात. तिला वाटत होतं की सणाला तरी दोघं येतील. तुम्हाला कंपनीनं त्या रात्री आतच ठेवून घेतलं होतं, आणि मी मांडव सोडला नाही. आईनं खोल्यांमधले भाडेकरू बोलावले, दोन परभणीचे, एक लातूरचा, एक सोलापूरचा, एक पार कोकणातला, ज्याला येळकोट म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पाच जणांनी ताट उचललं. नैवेद्य झाला. सगळे जेवले. आईनं भरताचा घास हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. केसरबाईला म्हणाली, "माजी दोनी पोरं एका ताटाला हात लावतील, तवाच हे वांगं खाईन. तवर मल्हारी हाय आन मी हाय."

तुला आठवतं ना, तिला भरीत किती आवडायचं? चातुर्मासभर वांगं वर्ज्य, आणि वांगेसटीला चुलीतलं भाजलेलं वांगं सोलताना तिचा चेहरा कसा लहान पोरीसारखा व्हायचा? सालीला चिकटलेला गर ती बोटानं चाटायची आणि आपण बघितलं की म्हणायची, "देवाला दावून झालंय, आता माजीच पाळी हाय."

त्या दिवसानंतर तिनं वांगं तोंडात घातलं नाही. दर वर्षी भरीत करत राहिली. मला वाढत राहिली. मी विचारलं, "तू नाही घेत?" तर म्हणाली, "आता अंगाला खाज उठती वांग्यानं. वय झालं." मला पटलं. इतकं पटलं की या आजारपणात पिंपरीच्या हॉस्पिटलात भरती करताना नर्सनं विचारलं, "आजींना कशाची ॲलर्जी?" तेव्हा मी जबाबदार मुलाच्या आवाजात ठणकावून सांगितलं, "वांग्याची." नर्सनं लिहून घेतलं आणि आईच्या मनगटावर लाल पट्टी बांधली. आई त्या पट्टीकडं बघून गालात हसली. मला वाटलं, तिला रंग आवडला.

शेवटपर्यंत ती पट्टी तिच्या हातात होती. चितेवर ठेवताना तूही बघितली असशील.

रोहिदास, आम्ही निषेधाला काळी फीत लावून कामावर जातो. आईची फीत लाल होती, आणि ती मीच तिला बांधून दिली.

काल रात्रीपासून मी एकच विचार करतोय. संप म्हणजे काय, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्यानं आपल्या हातातली एक गोष्ट रोखून धरायची आणि समोरच्याला विचार करायला लावायचं. आईच्या हातात काय होतं? जमीन एमआयडीसीत गेलेली, नवरा गेलेला, दोन पोरं दोन दिशांना. तिच्या हातात तिचा स्वतःचा आवडता घास होता. तो तिनं रोखून धरला. मांडव घातला नाही, पत्रक काढलं नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध संप पुकारला त्यांना नोटीससुद्धा दिली नाही. वर त्या दोघांना जपत राहिली. तू दिवाळीला होसूरहून फोन केलास की तुझ्या फोनची वाट बघत बसलेली नाही असं दाखवायची, मी सभेहून आलो की माझ्यासाठी घशाला गरम पाणी ठेवायची. आमच्या संपात निम्म्या मागण्या मान्य झाल्या आणि आम्ही गुलाल उधळला. तिची मागणी एकच होती.

मला राग यायला हवा होता तिचा. सांगायचं होतं की सरळ. पण राग येत नाही. एवढ्या चिवट बाईच्या पोटी जन्मलो याचंच कालपासून नवल वाटतंय.

चिमाजी

*

कुरुळी, १८ नोव्हेंबर

रोहिदास,

तुझा फोन आला तेव्हा मी तळवड्याला गेट मीटिंगमध्ये होतो. हर्षालीनं उचलला. ती सांगत होती, काका एवढंच म्हणाले, "पट्टी मी बघितली होती. मला वाटलं नुसती हॉस्पिटलची असेल." आणि फोन ठेवला.

मलाही तेच वाटलं होतं, भावा. त्यात तुझं-माझं काही नाही.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण तुला प्रश्न पडला असेल की हा नास्तिक माणूस तळीच्या मागे का लागलाय. मी देव मानत नाही. माझं मत आईच्या चितेपाशी बदललं नाही आणि केसरबाईच्या ओट्यावरही बदललं नाही. पण माझ्यावरचं एक देणं मला आता दिसतंय. लोक विचारतात, चिमाजीभाऊ, हा आवाज कुठून आणला? मी पुस्तकांची नावं सांगायचो. खरं उत्तर वेगळं आहे. मी पाच-सहा वर्षांचा असेन, निमगावच्या डोंगरावर आईनं मला कडेवरून खाली उतरवलं आणि म्हणाली, "वरड. पोटातनं वरड. देव लांब हाय." मी ओरडलो, "सदानंदाचा…" आणि डोंगरभरच्या अनोळखी माणसांनी एकदम उत्तर दिलं, "येळकोट!" एका लहान पोराच्या हाकेला हजार माणसं उत्तर देतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या प्रत्येक घोषणेत तोच डोंगर आहे. गेटवर मी मूठ वर करतो तेव्हा ती मूठ मला तिनं वळायला शिकवलेली असते. तिनं तो आवाज देवासाठी दिला, मी कामगारांसाठी वापरला, आणि तिनं एकदाही हिशेब विचारला नाही. उलट मांडवात येऊन केसरबाईला कौतुकानं म्हणायची, "बगा, कसा वरडतोय माजा. माइकची गरज हाय का?"

तुला तिनं दुसरं काही तरी दिलं. तुझा हात तिचा आहे. ती आजारी असताना दोन दिवस आला होतास, तेव्हा तिचं पांघरूण सारखं करताना मी दारातून बघितलं. तुझ्याच हाताला ती झोपली. मला जमलं नसतं ते.

तर तयारी अशी. वांगेसट बुधवारी आहे, २६ तारखेला. ताट धरायला पाच जण लागतात. मी आहे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून धरणार आहे. आपल्या खोलीतला भाडेकरू, नांदेडचा निरंजन आहे, त्यानं त्या दिवसासाठी सेकंड शिफ्ट बदलून घेतली. कोंडाजी ड्रायव्हर आहे. तुला माहीत नसेल, त्या दिवसानंतर तो दर वांगेसटीला आईकडे येतो, न बोलवता. ज्या कंपनीची बस चालवतो तिथल्या साहेबांनी कधी त्याच्या कपाळाकडे बघितलं नव्हतं, असं म्हणाला.

चौथा यशवंत. त्याच्याकडे मी स्वतः गेलो. तुझं नाव काढल्याबरोबर त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. मी त्याला लाल पट्टीचं सांगितलं. तेव्हा म्हणाला, "भाऊ, आजीसाठी येतो. पण तुमच्या भावाशी बोलणार नाही, आधीच सांगतो."

मी म्हटलं, "बोलू नको राव. ताट धर."

"आणि तो बोलला तर?"

"तर येळकोट म्हण जोरात. काही ऐकू येणार नाही."

तेव्हा हसला एकदाचा.

पाचव्या माणसासाठी मी दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. केसरबाई म्हणते, "न्हाई आला तर?" मी म्हणतो, ताट तसंच राहील मांडलेलं. आमच्याकडे थांबायची सवय नव्हती, आता लावून घेऊ.

तू त्या बसमध्ये बसलास ते चूक होतं असं मी म्हणत राहीन. मी त्या संपात माइकवरून गद्दार म्हणून तुझं नाव घेतलं ते चूक होतं असं तू म्हणत राहा. वांगेसटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून सुरुवातीपासून भांडू, मी चहा करतो. पण बुधवारी भांडायचं नाही. बुधवारी आईच्या संपाचा शेवटचा दिवस आहे आणि मागणी मान्य करणं आपल्या दोघांच्याच हातात आहे.

वांगी चुलीतच भाजणार आहे, गॅसवर नाही. रोडगे केसरबाई करणार. पहिलं ताट देवाला, दुसरं गाईला, तिसरं कुत्र्याला, आणि या वेळी एक जास्तीचं ताट तिच्या फोटोपुढं, भरपूर भरीत घालून. मग आपली पाळी. तोवर दोघं शेजारी शेजारी बसून कुरकुर न करता थांबू.

होसूरहून बंगळुरू गाठ, तिथून पुण्याला सकाळचं विमान आहे, हर्षाली गाडी घेऊन येईल. सूनबाईला आणि पोराला, स्वराजला, घेऊन ये, ऑडिट दुसऱ्या कुणाला करू दे. बुधवारी दिवस मावळायच्या आत घरी ये, चप्पल काढ, हातपाय धू, कुणाशी काही बोलू नकोस, माझ्याशीही नाही. सरळ देव्हाऱ्यापुढं बस आणि माझ्या समोरची ताटाची कड धर.

तुझा,
दादा